वाटणीच्या वेळी पेटी रिकामी निघते, अशा कथा

अनवट

(या धाग्यात काही नाटकं-कादंबऱ्यांचे शेवट उघड होणार आहेत. रसभंग नको असेल त्यांनी आधी मूळ वाचून मग यावं.)

मोठ्या वयाच्या भावंडांच्या कथा मला फार ओढून घेतात. लहानपणच्या नव्हेत, चाळिशी-पन्नाशीतल्या. आई-वडील गेलेले किंवा थकलेले, प्रत्येकाचा संसार वेगळ्या दिशेला, आणि आता काहीतरी वाटून घ्यायचं म्हणून सगळे एका खोलीत जमलेले. वाटायला बसल्यावर कळतं की ते जे काही होतं ते उरलेलंच नाही. कुणी विकलं, कुणी उडवलं, कुणी लपवलं, किंवा ते कधी नव्हतंच.

अशा कथेत धक्का देण्याचा मोह लेखकाला आवरत नाही. जुन्या ट्रंकेत पत्र सापडतं, कपाटाच्या चोरकप्प्यातून कागद निघतो, आणि सगळे थक्क होतात. वाचताना मीही क्षणभर थक्क होते, पण असं पुस्तक आठवड्याभरात विसरूनही जाते. मनात घर करून राहतात त्या कथांमध्ये गुपित कुणालाच ठाऊक नव्हतं असं नसतं. ते घरातल्या प्रत्येकाला अर्धंमुर्धं ठाऊक असतं, आणि उरलेलं अर्धं विचारायचं प्रत्येकाने आपापल्या कारणाने टाळलेलं असतं. खरी गोष्ट या टाळण्याची असते. पैसा कुठे गेला, हे त्यामानाने साधं प्रकरण.

मी ज्यावरून हे म्हणते ते नाटक म्हणजे आर्थर मिलरचं 'द प्राइस' (१९६८). दोन भाऊ. व्हिक्टर पोलीस खात्यात, निवृत्तीला आलेला. वॉल्टर नावाजलेला सर्जन. कित्येक वर्षं बोलणं नाही. १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, त्यात वडील बुडाले आणि मनानेही खचले. व्हिक्टरने विज्ञानाचं शिक्षण सोडून त्यांना सांभाळलं, वॉल्टर शिकून पुढे गेला. आता ते घर पाडलं जाणार आहे, माळ्यावर सामान खच्चून भरलंय, आईचा हार्पही तिथेच उभा आहे, आणि नव्वदीला टेकलेला सॉलोमन नावाचा जुन्या सामानाचा व्यापारी सगळ्याचा भाव करायला आलाय.

मग वॉल्टर तोंड उघडतो. ज्या दिवसांत व्हिक्टर पोटाला चिमटा घेऊन वडिलांना पोसत होता, त्या दिवसांत वडिलांकडे जवळपास ४,००० डॉलर होते. वॉल्टरला ते ठाऊक होतं. व्हिक्टरने पदवी पुरी करायला त्याच्याकडे ५०० डॉलर मागितले तेव्हा त्याने दिले नाहीत, वडिलांना विचार म्हणाला.

इथपर्यंत हा नेहमीचा धक्का आहे. पण व्हिक्टरने वडिलांना खरंच विचारलं होतं. वडील त्यावर हसले. नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ काय, हे व्हिक्टरने पुढे कधीच विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर मिळालं असतं, तर त्याला निघून जावं लागलं असतं. निघून गेला असता तर 'वडिलांसाठी आयुष्य दिलेला मुलगा' ही जी त्याची एकमेव कमाई, तीही हातची गेली असती. वॉल्टरचंही तसंच. व्हिक्टरला खरं सांगितलं असतं तर वडिलांचं ओझं निम्मं त्याच्या अंगावर आलं असतं. एकाने विचारलं नाही, दुसऱ्याने सांगितलं नाही, आणि दोघांनाही त्याचा फायदा झाला. सामानाचा भाव ठरतो, पण भावांमधलं काही मिटत नाही. मिलर त्यांची गळाभेट घडवून आणत नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

तुमच्या वाचनातल्या अशा कथा सांगा. माझं म्हणणं पटत नसेल तर तेही सांगा, सविस्तर.

---

तिसरी घंटा

धागा आवडला. अर्थात मला पहिल्यांदा आठवलं ते एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५). तात्याजी गेलेत, भावंडं वाड्यात जमलीत. थोरला भास्कर तिथलाच, सुधीर मुंबईहून आलेला, चंदू घरासाठी राबणारा, आणि प्रभा, जिचं शिक्षण वडिलांनी थांबवलं. शेती हातची गेलेली, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय, पण बोलण्यात देशपांड्यांचा मान अजून शाबूत. शेवटी दागिने तेवढे खरे उरलेत आणि भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर तेही घेऊन पळून जाते. ती परत सापडते, दागिने सापडत नाहीत.

तुमच्या मांडणीत हे नाटक कुठे बसतं याचा विचार करतोय. वाडा संपलाय हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अर्धंमुर्धं नव्हे, पुरतं माहीत आहे. मग गुपित कुठलं? मला वाटतं, प्रत्येकाची हाव हे गुपित. वहिनी, म्हणजे भास्करची बायको, रात्री सगळे दागिने अंगावर चढवते तो प्रवेश आठवा. इतकी वर्षं घर ओढलेल्या बाईला ते एकदा तरी आपले म्हणून घालायचे असतात. दागिने गेल्यावर त्या रात्रीचा अर्थ पालटतो: तो वारसा कुणाच्या अंगाला कधी लागला असेल तर तेवढाच वेळ.

आणखी एक. जो घरी राहिला आणि जो बाहेर पडला, ही फट दोन्ही नाटकांत आहे. राहिलेल्याला वाटतं मी केलं, गेलेल्याला वाटतं मला कुणी विचारलंच नाही. एलकुंचवार दोघांनाही पूर्ण बोलू देतात, आणि चंदूसारखा माणूस, ज्याने सगळ्यात जास्त केलं, तो जवळजवळ काहीच बोलत नाही. मोठ्या कुटुंबाच्या नाटकात गप्प माणूस लिहिणं किती कठीण असतं हे रंगभूमीवर काम केलेल्यांना विचारा.

---

वाचनखूण

वेगळं उदाहरण देते. जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं (१८११) दुसरं प्रकरण. मरणाच्या दारातल्या वडिलांना जॉनने शब्द दिलाय की सावत्र आई आणि सावत्र बहिणींचं नीट करीन. मनात आकडा ठरतो, तीन बहिणींना प्रत्येकी १,००० पौंड. मग बायकोशी गप्पा सुरू होतात. ३,०००चे १,५०० होतात. मग एकरकमी नको, आईला वर्षाला १०० देऊ. मग बांधून घ्यायला नको, अधूनमधून ५० पाठवू. शेवटी ठरतं की वडिलांच्या मनात पैशांचं नव्हतंच, घर शोधायला मदत करावी, हंगामात मासे-शिकार पाठवावी, एवढंच त्यांना म्हणायचं असणार.

कुठे चोरी नाही, खोटा कागद नाही. एका बैठकीत वारसा नाहीसा होतो आणि नाहीसा करणारा माणूस स्वतःला शेवटपर्यंत सज्जन समजतो. बहिणींना तो मूळ आकडा कधी कळतच नाही, कारण तो भावाच्या डोक्यातच जन्मला आणि तिथेच मेला. वाचकाला मात्र माहीत असतो. पुढची सगळी कादंबरी, त्या बहिणींची काटकसर, थोरल्या एलिनॉरचा समजूतदारपणा, मी त्या आकड्यासकट वाचते.

त्यामुळे 'सगळ्यांना अर्धंमुर्धं ठाऊक असतं' हे मला सरसकट मान्य नाही. कधी कधी वाचकाला ठाऊक असतं आणि भावंडांना आयुष्यभर नसतं, आणि तेच जास्त लागतं.

---

अनवट

वाचनखूण, ते प्रकरण माझ्या मनातून निसटलं होतं. फार नेमकं उदाहरण. पण जॉनकडे पाहा. त्याला आपण काय करतोय हे ठाऊक नसतं का? बायको प्रत्येक पायरीला जे कारण पुरवते, ते त्याला हवंच असतं. तो एकदाही म्हणत नाही की थांब, वडिलांचे नेमके शब्द काय होते ते मला आठवू दे. अर्धवट माहिती इथे दोघांत वाटलेली नाही, एकाच माणसाच्या आत आहे, एवढाच फरक.

तिसरी घंटा, हाव हे गुपित, यावर विचार करतेय. चंदूबद्दल तर शंभर टक्के सहमत.

---

पायवाट

सगळी चर्चा वाचली आणि आश्चर्य वाटलं की कर्णाचं नाव अजून निघालं नाही. भावंडं, गुपित, गमावलेलं राज्य, तिन्ही गोष्टी याहून मोठ्या प्रमाणावर कुठे आहेत?

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र, राज्य तुझं. कर्णाचं उत्तर नीट वाचा. तो म्हणतो, हे पांडवांना सांगू नकोस. युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि माझ्या हाती आलं तर मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे ज्याचा हक्क आहे तोच माणूस गुपित राखायला सांगतोय, आणि तेही धाकट्याच्या भल्यासाठी. नंतर कुंती भेटते. तिलाही तो शब्द देतो की अर्जुन सोडून बाकीच्यांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील. कुरुक्षेत्रावर उतरताना हे कर्णाला ठाऊक आहे, कृष्णाला ठाऊक आहे, कुंतीला ठाऊक आहे, भीष्मांना ठाऊक आहे. पाचही भावांना ठाऊक नाही.

युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात, मृतांना पाणी देण्याच्या वेळी, कुंती सांगते की कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला. युधिष्ठिर कोसळतो आणि पुढे स्त्रियांना शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. तो शाप सगळ्यांना पाठ असतो. मला मात्र शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो नारदांना जे सांगतो ते अधिक महत्त्वाचं वाटतं. द्यूतसभेत कर्ण कडू बोलत होता, मला संताप येत होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग ओसरायचा. त्याचे पाय कुंतीच्या पायांसारखे दिसायचे. असं का, याचा मी विचार करत राहिलो, पण कारण सापडलं नाही.

अनवट यांच्या म्हणण्याला याहून जुना पुरावा नसेल. त्याने पाहिलं होतं. त्याला साम्य दिसलं होतं. आईला एकदा विचारलं असतं तर!

---

अनवट

पायवाट, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ते पाय! शरीराला कळलेलं असतं आणि तोंडापर्यंत येत नाही.

यावरून दस्तयेव्स्कीच्या कादंबरीतले करमाझोव्ह भाऊ आठवले. तिथे भाऊ तीन, पण गावात कुजबुज अशी की स्वयंपाकी स्मेर्द्याकोव्ह हासुद्धा त्यांच्या म्हाताऱ्या बापाचाच मुलगा. हे सगळ्यांच्या कानावर आहे आणि एकही भाऊ त्याला भाऊ म्हणत नाही. थोरला दिमित्री आईच्या इस्टेटीचे पैसे बाप देणं लागतो म्हणून भांडतोय, बापाने ३,००० रूबल पाकिटात घालून भलत्याच कारणासाठी ठेवलेत, आणि ते शेवटी स्मेर्द्याकोव्हच्या हाती जातात. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी तो ते मधल्या भावापुढे, इव्हानपुढे, ठेवतो. इव्हान कोर्टात नेऊन दाखवतो, तर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्याला भावांत मोजलं नाही त्याच्या हाती सगळं उत्तर होतं. कर्ण उदार आहे आणि स्मेर्द्याकोव्ह नाही, पण घराने दोघांशी केलेली गोष्ट एकच: ओळख दिली नाही.

---

धाकटी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी चार भावंडांत शेवटची, म्हणून या कथा मी धाकट्यांच्या बाजूने वाचते.

लेखक एक गोष्ट फार क्वचित नीट करतात. एकाच आई-वडिलांची मुलं वेगवेगळ्या घरांत वाढलेली असतात. थोरल्याने वडिलांना भरभराटीत पाहिलेलं असतं, धाकटीने फक्त कर्ज फेडताना. थोरल्याला हरवलेलं काहीतरी आठवतं, धाकटीला ते ऐकीव असतं. त्यामुळे 'आपलं गेलं' असं दोघं एका सुरात म्हणाली तरी दु:ख वेगळं असतं. थोरल्याचं गेलेल्या वस्तूचं, धाकटीचं आपल्याला ती कधी मिळालीच नाही याचं. दोघांच्या वयात आठ-दहा वर्षं ठेवून लेखकाने एवढं जरी सांभाळलं तरी निम्मा संघर्ष आपोआप उभा राहतो, पत्रं-बित्रं सापडावी लागत नाहीत.

धाकट्यांपासून गोष्टी 'तू लहान होतीस' म्हणून लपवलेल्या असतात. ती पन्नाशीची झाली तरी ते कारण तसंच चालू राहतं. यावर कुणी चांगलं लिहिलं असेल तर कृपया सुचवा.

---

वाचनखूण

धाकटी, स्वागत. तुम्ही म्हणता त्याच्या जवळचं एक नाटक आहे, ऑगस्ट विल्सनचं 'द पियानो लेसन'. त्याला १९९०चं पुलित्झर मिळालं. काळ १९३६, ठिकाण पिट्सबर्ग. बॉय विली आणि बर्नीस हे भाऊ-बहीण, मधे एक पियानो. गुलामीच्या काळात या पियानोच्या बदल्यात मालकाने त्यांच्या पणजीला आणि आजोबांना देऊन टाकलं होतं. पणजोबांनी त्याच्या लाकडात आपल्या माणसांचे चेहरे कोरले. पुढे वडिलांनी तो मालकाच्या घरातून पळवला आणि त्यापायी जीव गमावला.

भावाला पियानो विकून तीच जमीन घ्यायचीय जिथे पूर्वज गुलाम म्हणून राबले. बहीण विकू देत नाही, पण वाजवतही नाही. आणि मुद्दा असा, की आपल्या लहान मुलीला ती या पियानोची हकिकत सांगत नाही. मुलगी त्यावर धडे गिरवते, पण कोरलेले चेहरे कुणाचे हे तिला माहीत नाही. पुढच्या पिढीची 'धाकटी' कशी घडते ते तिथे दिसतं, आणि घडवणारी आई प्रेमानेच घडवते. भाऊ तिला हेच सुनावतो, आणि माझ्या मते त्या भांडणात तो बरोबर आहे, विकण्याबद्दल नसला तरी.

---

कोरा कागद

सगळ्यांचे आभार, कारण मी नेमकी अशीच कादंबरी लिहितोय आणि अडकलोय. तीन भावंडं: मोठी बहीण, मधला भाऊ, धाकटा भाऊ. वडिलांनी एक जमीन फार पूर्वी विकून टाकलीय आणि मुलांना सांगितलेलं नाही. वडील गेल्यावर ते उघड होतं. पहिल्या खर्ड्यात मी वडिलांचं पत्र घातलं होतं, आता या धाग्यानंतर ते काढावं असं वाटतंय. पण मग उघड कसं करायचं? आणि वाचकाला कधी सांगायचं?

---

पायवाट

पत्र काढाच. मेलेल्या माणसाचं पत्र म्हणजे त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. भावंडांना एकमेकांना विचारावं लागणं ही या कथेची सगळी ताकद आहे आणि पत्र ती काढून घेतं.

वाचकाला आधी सांगा. महाभारत ऐकणाऱ्याला कर्णाचा जन्म आदिपर्वापासून माहीत असतो. म्हणूनच भाऊ समोरासमोर आले की प्रत्येक वेळी काळजात कळ येते. शेवटी उघड केलं असतं तर ती कळ एकदाच आली असती.

---

तिसरी घंटा

माझं मत उलट आहे. मिलरच्या नाटकात आपल्याला ४,००० डॉलर उशिरा कळतात, आणि कळल्यावर आपण मागे जाऊन व्हिक्टरचं प्रत्येक वाक्य तपासतो. आधी कळले असते तर त्याची पहिल्या अंकातली सहनशीलता आपण खरी मानली नसती. तुम्हाला वाचकाने त्या माणसाची कीव करायला हवीय की त्याच्यावर विश्वास ठेवून मग तो गमवायला हवाय, यावर ठरवा.

शिवाय एक तिसरी वाट आहे. चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (१९०४) गुपितच नाही. लिलावाची तारीख, २२ ऑगस्ट, पहिल्या अंकातच सगळ्यांना माहीत आहे. लोपाखिन नावाचा व्यापारी उपायही सांगतो, बागेचे तुकडे पाडून उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या. बागेची मालकीण रानेव्हस्काया आणि तिचा भाऊ गायेव ऐकतात आणि विषय बदलतात. गायेव शंभर वर्षांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून भाषण करतो. बाग जाते, लोपाखिनच ती घेतो. रहस्याशिवायही हे सगळं होऊ शकतं, फक्त दोन भावंडांनी एका गोष्टीकडे पाहायचं नाही असं न बोलता ठरवलेलं असलं पाहिजे.

---

धाकटी

कोरा कागद, तुमच्या तिघांपैकी जमीन विकली तेव्हा घरात कोण होतं? तुम्ही वडिलांवर फार वेळ घालवताय असं वाटतं. व्यवहार झाला त्या दिवशी कुणीतरी परका माणूस घरी आला असेल, आई गप्प झाली असेल, जेवताना कुणी बोललं नसेल. मोठी बहीण तेव्हा पंधरा-सोळाची असेल तर तिने हे पाहिलंय. मग इतकी वर्षं ती भावांशी त्या जमिनीबद्दल कसं बोलत आली?

---

अनवट

धाकटी यांचा प्रश्न मी दिलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा चांगला आहे. एवढीच भर घालते: बहिणीला सगळं ठाऊक करू नका. तिने सही होताना पाहिलं, कशावर ते पाहिलं नाही. तिने विचारलं नाही कारण त्याच वर्षी तिच्या शिक्षणाचे पैसे कुठून तरी आले. ती मूर्ख नाही, तिने दोन आणि दोन कधीच जोडले नाहीत. भावांना जमीन गेल्याचं कळेल तेव्हा त्यांना तिचाही हिशेब लागेल, आणि तोवर तुमच्या वाचकाला तिचा लळा लागलेला असला पाहिजे.

---

कोरा कागद

शिक्षणाचे पैसे... हे माझ्या खर्ड्यात आधीच आहे! ती शिकायला बाहेर गेली असं मी लिहिलंय, पैसे कुठून आले याचा विचारच केलेला नव्हता. मधल्या भावाने बारावीनंतर शिक्षण सोडलं तेही त्याच सुमाराचं.

पत्राचं प्रकरण काढतोय. त्याऐवजी तिघं जमिनीचा उतारा काढायला जातात आणि धाकटा विकल्याची तारीख मोठ्याने वाचतो. तारीख ऐकून मधला बहिणीकडे पाहतो. ती काय बोलेल ते अजून ठरवलेलं नाही. बहुतेक आधी धाकटाच काहीतरी विचारेल, कारण त्या तारखेचा अर्थ न कळणारा तो एकटाच आहे.